मुंबईने दिलेली बारा विमाने

नोव्हेंबर १९४१ मध्ये पेशावरच्या हवाई तळावर एक समारंभ झाला आणि हिंदी हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनला वेस्टलँड लायसँडर जातीची बारा विमाने मिळाली. बारा म्हणजे त्या स्क्वॉड्रनचा पूर्ण ताफा. हा ताफा दिला होता ‘बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडा’ने, म्हणजे मुंबईत गोळा झालेल्या युद्धनिधीने. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत ही स्क्वॉड्रन ब्रह्मदेशात पोचली आणि जपानी तळांवर बॉम्ब टाकू लागली.

या पुस्तकाचा विषय आहे ती स्क्वॉड्रन. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे तिचा जन्म झाला, आणि ती पुरती लढाऊ झाली १९४२ नंतर, हरिकेन विमाने मिळाल्यावर. तिच्याविषयी इंग्रजीत बरेच लिहिले गेले आहे. मराठीत, आणि तेही मुंबईच्या वाचकासाठी, ती सांगायला हवी असे मला फार दिवस वाटत होते. वाफेची इंजिने, साचे, चाती, लेथ यांच्यावर ज्या शहराचे पोट चालले, त्या शहराला यंत्र चालते ठेवणाऱ्या माणसाची किंमत वेगळी समजावून द्यावी लागत नाही. या स्क्वॉड्रनचा इतिहास पायलटांइतकाच अशा माणसांचा आहे. पायलटांची नावे पदकांच्या यादीत सापडतात. फिटर, रिगर, आर्मरर यांची नावे शोधावी लागतात. पुस्तक लिहिताना माझे लक्ष या दुसऱ्या यादीकडे अधिक गेले, हे वाचकाला आधीच सांगितलेले बरे.

आता त्या पैशांविषयी. युद्धकाळात लढाऊ विमानाच्या देणगीसाठी ५,००० पौंड हा ठोकळ आकडा इंग्लंडने ठरवून दिला होता. रुपयाला अठरा पेन्स या दराने त्याचे सुमारे ६६,७०० रुपये होत. मुंबईच्या गिरणीतल्या कामगाराची महिन्याची कमाई तेव्हा तीस-पस्तीस रुपयांच्या घरात होती. व्यापारी, गिरणीमालक, संस्थानिक, कंपन्या आणि नोकरदार यांच्या खिशांतून असे निधी उभे राहत. काहींनी ते हौसेने दिले, काहींनी साहेबाचा रोष नको म्हणून दिले. ज्या शहराने विमाने दिली, त्याच शहरातल्या कामगारांनी २ ऑक्टोबर १९३९ रोजी, युद्ध सुरू होऊन महिनाच झाला असताना, युद्धाच्या विरोधात एक दिवस काम बंद ठेवले होते. संपात नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती. पुढच्या मार्चमध्ये महागाई भत्त्यासाठी गिरण्या पुन्हा बंद पडल्या. परळ-लालबागच्या भोंग्यांचा आवाज ऐकत मोठा झालेला एखादा पोरगा हवाई दलात भरती होत होता आणि त्याचा थोरला भाऊ युद्धविरोधी मोर्चात होता, असे घर त्या काळात विरळे नसणार. दोघांचाही हेतू प्रामाणिक होता असे मी मानतो. या पुस्तकात दोघांपैकी कुणालाही कमी लेखलेले नाही.

मुंबईचा युद्धविमानांशी संबंध मात्र १९४१ च्या बराच आधीचा आहे. श्रीकृष्ण चंद्र वेलिणकर हा मुंबईचा मुलगा केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकायला गेला. पहिले महायुद्ध पेटल्यावर त्याने विमानदलात शिरायचे ठरवले. बादशाही कमिशन शुद्ध युरोपीय वंशाच्या माणसालाच मिळावे असा तेव्हाचा दंडक होता, आणि त्या भिंतीला ज्या मोजक्या हिंदी तरुणांनी भगदाड पाडले त्यांत वेलिणकर, हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरल चंदर सेन होते. रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमाने पाडली आणि त्याच महिन्यात ते स्वतः पडले. वेलिणकर तेवीस क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवत. या विमानाचे वरचे पंख इतके खाली होते की पायलटचे डोके त्या पंखांच्या मधून वर निघे. त्याला वरचे आकाश छान दिसे. पण उतरताना विमान उलटले तर पहिला मार त्याच्या डोक्यालाच. जून १९१८ च्या अखेरीस गस्तीवर गेलेले वेलिणकर परतले नाहीत. ३० जून ही त्यांच्या मृत्यूची तारीख. उत्तर फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात हांगार येथील युद्धस्मशानात त्यांची कबर आहे.

चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये विमान उडवल्याची कथा गिरगावात अजून अभिमानाने सांगतात. त्या उड्डाणाला त्या काळचा भक्कम पुरावा नाही, तरी तिच्यावर लेख निघाले, सिनेमा निघाला. वेलिणकरांचे दगडावर कोरलेले नाव मात्र या शहराच्या बोलण्यात येत नाही. मला याची खंत वाटते. म्हणून पहिले प्रकरण मी स्क्वॉड्रनच्या जन्माच्या पंधरा वर्षे मागे नेले आहे आणि ते वेलिणकरांना दिले आहे.

हिंदी हवाई दलाचा कायदा ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. त्यानंतर आठवड्याभराने, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा ड्रिग रोडवरून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. नागरी विमानसेवा आणि हवाई दल या दोघांचा पाळणा एकाच धावपट्टीवर हलला. माणसेही एकमेकांत मिसळलेली होती. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधला प्रवास, कुठल्याही दिशेने, एकट्याने करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी बक्षीस लावले होते. १९३० मध्ये अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून इकडे येत होते, जे. आर. डी. इकडून तिकडे चालले होते. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पींचे काम स्पार्क प्लगांवाचून अडले होते; जे. आर. डीं.नी आपल्याकडचे जादा प्लग काढून दिले. बक्षीस अस्पींनी जिंकले. पुढे हेच अस्पी या स्क्वॉड्रनमध्ये आले, लढले आणि १९६० मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले.

क्रॅनवेलहून शिकून आलेले पहिले पायलट पाच होते: हरीशचंद्र सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपेंद्र सिंग, ऐजाद बक्ष अवान आणि अमरजित सिंग. विमाने होती चार, वॉपिटी जातीची. वॉपिटी बनवतानाच काटकसर केलेली होती. पहिल्या महायुद्धातल्या डी. एच. ९ ए विमानांचे गोदामात पडून असलेले भाग वापरता यावेत अशी तिची रचना होती. पहिल्या वर्षातच, सप्टेंबर १९३३ मध्ये, भूपेंद्र सिंग आणि अमरजित सिंग अपघातात गेले. पाचांतले दोघे गेल्यावर हे दल टिकेल का, अशी कुजबुज सुरू झाली नसती तरच नवल. ते टिकले, याचे मोठे श्रेय मी जमिनीवरच्या माणसांना देतो.

त्यांना हवाई सिपाही म्हणत. सुरुवातीला ते एकोणीस होते. त्यांत हरजिंदर सिंग हे एक नाव वाचकाने लक्षात ठेवावे. लाहोरच्या मॅक्लॅगन इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला हा तरुण अधिकारी न होता सिपाही म्हणून भरती झाला. हिंदी माणसाच्या हातून विमानाचे इंजिन नीट राहणार नाही, हे म्हणणे त्याला खोटे पाडायचे होते. गोरा सार्जंट बाजूला उभा राहून चुका मोजत असताना काम करायचे, पगार कमी घ्यायचा, बराकीत निराळे राहायचे, आणि तरीही सकाळी विमान उडायला तयार ठेवायचे, असे ते दिवस होते. हरजिंदर पुढे एअर व्हाइस मार्शल झाले आणि कानपूरला त्यांच्या देखरेखीखाली अॅव्हरो विमाने बांधली गेली. सिपाही ते एअर व्हाइस मार्शल हा प्रवास एका ओळीत सांगता येतो. या पुस्तकात त्याला तीन प्रकरणे लागली आहेत, आणि मला ती कमीच वाटतात.

१९३६ पासून स्क्वॉड्रन वायव्य सरहद्दीवर होती. वझिरिस्तानच्या टोळ्यांविरुद्धच्या त्या मोहिमांविषयी मी थोडक्यात लिहिले आहे. परक्या राज्यकर्त्याच्या हुकुमावरून डोंगरातल्या वस्त्यांवर उडणे हे काम शिकण्याच्या दृष्टीने मोलाचे असेल, अभिमानाचे म्हणावे असे मला वाटत नाही. त्या काळातली महत्त्वाची तारीख १६ मार्च १९३९. त्या दिवशी सुब्रतो मुखर्जींनी स्क्वॉड्रनची सूत्रे हाती घेतली. एखाद्या स्क्वॉड्रनचे नेतृत्व करणारे ते पहिले हिंदी अधिकारी. त्यांचे मामा इंद्रलाल रॉय, म्हणजे १९१८ चा धागा इथे पुन्हा हाती येतो. त्याच वर्षी त्यांचे लग्न शारदा पंडित यांच्याशी झाले. पंडित घराणे मराठी. मुखर्जी १९५४ मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले आणि १९६० मध्ये टोकियोत अचानक वारले. त्यानंतर शारदाबाई राजकारणात आल्या आणि १९६२ पासून दोन वेळा रत्नागिरीच्या खासदार झाल्या. लालबाग-परळच्या चाकरमान्यांच्या गावाकडच्या घरांतून त्यांना मते पडली. त्यांतल्या किती जणांना या बाईंच्या घरातला हवाई दलाचा इतिहास ठाऊक होता, कुणास ठाऊक.

युद्ध सुरू झाले तेव्हा हवाई दलाजवळ लढणारी स्क्वॉड्रन एकच होती, ती हीच. किनाऱ्याच्या रक्षणासाठी राखीव पायलट गोळा करून तुकड्या उभारल्या गेल्या. मुंबईची तुकडी जुहूला होती. जुन्या वॉपिटी घेऊन ही मंडळी समुद्रावर जहाजे आणि पाणबुड्या शोधत फिरत. एक इंजिन, वर उघडे आकाश, खाली अरबी समुद्र, आणि पावसाळ्यात दिसणे जवळजवळ बंद. या कामाला पदके फारशी मिळाली नाहीत. पुढच्या स्क्वॉड्रनांना लागणारे पायलट मात्र या तुकड्यांतून तयार झाले.

आता त्या बारा लायसँडरांची गोष्ट. लायसँडर हे लढाऊ विमान नव्हे. उंच पंखांचे, लांब पायांचे, संथ चालीचे हे विमान तोफखान्याला नेम सांगण्यासाठी आणि सैन्यावर नजर ठेवण्यासाठी बनवलेले होते. स्क्वॉड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार, दलात सगळे ज्यांना ‘जंबो’ म्हणत, ही विमाने घेऊन १ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रह्मदेशात टाउंगू येथे उतरले. त्याच रात्री जपानी विमानांनी टाउंगूवर बॉम्ब टाकले. लायसँडर धावपट्टीच्या कडेला पांगवून झाकून ठेवलेली होती, ती बचावली. दुसऱ्या दिवशी स्क्वॉड्रनमधून मजुमदार एकटेच निघाले. विमानाला अडीच-अडीचशे पौंडांचे दोन बॉम्ब लावलेले होते. संरक्षणाला न्यूझीलंडच्या पायलटांची दोन बफेलो विमाने होती. सयामच्या हद्दीतल्या मे हाँग सोन येथील जपानी तळावर ते झाडांच्या शेंड्यांवरून शिरले, बॉम्ब टाकले आणि परत आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी स्क्वॉड्रन गेली.

टेहळणीच्या विमानाने बॉम्बफेक्याचे काम केले, हे वाक्य लिहायला सोपे आहे. त्याच्यामागे मेकॅनिकांची रात्र आहे. एवढ्या वजनाचे बॉम्ब या विमानाला कुठे आणि कसे लटकवायचे, उडताना ते सुटणार नाहीत आणि सुटायला हवेत तेव्हा अडकणार नाहीत, याचे उत्तर हरजिंदर आणि त्यांच्या माणसांनी, जपानी बॉम्बांनी खणलेल्या तळावर, हाताशी होत्या तेवढ्या हत्यारांनी काढले. गिरणीतल्या मेकॅनिक खात्यात ज्याने उमेदवारी केली आहे त्याला हे प्रकरण वाचताना मजा येईल. मला ते लिहिताना आली. मजुमदारांना डीएफसी हे शौर्यपदक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात ते मिळवणारे ते पहिले हिंदी अधिकारी. ८ मार्चला रंगून पडले, सैन्य मागे हटले आणि स्क्वॉड्रन मायदेशी परतली. त्याच वाटांनी लाखो हिंदी माणसे पायी येत होती, कित्येक वाटेतच गेली. त्या पायपिटीला निराळे पुस्तक हवे. इथे ती अधूनमधून दिसेल.

इथून पुढचा भाग हरिकेनचा. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर गांधीजींनी इंग्रजांना निघून जायला सांगितले, तेव्हा ही स्क्वॉड्रन नव्या विमानांवर हात बसवत होती. सप्टेंबर १९४३ मध्ये अर्जन सिंग प्रमुख झाले आणि ३ फेब्रुवारी १९४४ रोजी स्क्वॉड्रन इम्फाळला पोचली. मार्चमध्ये जपानी फौजांनी इम्फाळला वेढा घातला. दोन-दोन विमानांच्या जोडीने उडायचे. एकाने दरीत, ओढ्यात, झाडीत शत्रू हुडकायचा, दुसऱ्याने मागे-पुढे फिरत आकाश राखायचे. मणिपूरच्या डोंगरात ढग खाली आले की दरीत शिरलेल्या विमानाला बाहेर पडायची वाट उरत नसे. २२ जूनला वेढा उठला. माउंटबॅटन यांनी इम्फाळच्या तळावर येऊन अर्जन सिंग यांच्या छातीवर डीएफसी लावला.

वेढा चालू असतानाच युद्ध मुंबईच्या दारात आले. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीचा स्फोट झाला. बोटीत सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी होत्या, सोन्याच्या विटा होत्या, आणि इंग्लंडहून निघताना तिच्यावर पेट्यांत भरलेली बारा स्पिटफायर विमानेही चढवलेली होती. पेशावरला दिलेल्या बाराशी हा आकडा जुळला तो केवळ योगायोग. पण मांडवी, मस्जिद बंदर भागात जी घरे उडाली, जी माणसे मेली, आग विझवताना ज्या ६६ अग्निशामक जवानांनी प्राण दिले, ते सगळे त्याच पुरवठ्याच्या वाटेवर होते ज्या वाटेने आघाडीवरच्या स्क्वॉड्रनांना विमाने पोचत. इम्फाळ आणि मुंबईची गोदी ही या पुस्तकातली एकाच महिन्यातली दोन प्रकरणे आहेत आणि ती मी मुद्दाम शेजारी ठेवली आहेत.

मुंबईच्या नावाची एक ब्रिटिश स्क्वॉड्रनही होती: एकशे बत्तीस, ‘सिटी ऑफ बॉम्बे’. जुलै १९४१ मध्ये ती स्कॉटलंडमध्ये पुन्हा उभी राहिली, स्पिटफायर घेऊन नॉर्मंडीत लढली आणि युद्धाच्या अखेरीस पूर्वेकडे आली. तिच्या चिन्हावर बिबट्या होता. नॉर्मंडीच्या त्याच उन्हाळ्यात मजुमदारही फ्रान्सवर मस्टँग उडवत होते. त्यांना डीएफसी दुसऱ्यांदा मिळाला. फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरला कसरती दाखवताना त्यांचे हरिकेन कोसळले आणि ते गेले. आमच्या दृष्टीने मुंबईची खरी स्क्वॉड्रन पेशावरची. एकशे बत्तीसला म्हणून परिशिष्टात जागा दिली आहे.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेल्यांत मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकरही होते. नोव्हेंबर १९४० मध्ये ते दलात आले, काश्मीरच्या लढाईत त्यांनी महावीरचक्र मिळवले आणि १९७६ मध्ये ते हवाई दलाचे प्रमुख झाले.

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नौसैनिकांनी बंड केले, तेव्हा शहरातल्या हवाई दलाच्या छावण्यांतली माणसेही त्यांच्या बाजूने संपावर गेली आणि परळच्या रस्त्यांवर गोळीबार झाला. युद्ध जिंकून परतलेल्यांना बराक, जेवण आणि पगार पूर्वीसारखेच मिळाले, हे या बंडाचे आणि संपाचे एक मोठे कारण. ज्यांना पराक्रमाची गोष्ट विजयापाशी थांबलेली आवडते त्यांना हे प्रकरण रुचणार नाही. मला ते वगळता आले नाही. फाळणीत स्क्वॉड्रनही उरली नाही. तिचा तळ पाकिस्तानात गेला आणि ‘एक’ हा क्रमांक भारतात रिकामा राहिला. २६ जानेवारी १९५३ रोजी पंधरा क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला तो देण्यात आला. आज तो मिराज २००० विमानांच्या ताफ्याकडे आहे.

वाचकांना एक मागणे आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. घर रिकामे करताना पोटमाळ्यावरच्या ट्रंका भंगारात जातात. आजोबा किंवा पणजोबा युद्धाच्या काळात हवाई दलात होते असे घरात कधी ऐकले असेल, तर ती ट्रंक आधी उघडा. सेवापुस्तिका, भरतीचा कागद, बर्मा स्टार हे सहा टोकांचे पदक, राखी-निळ्या गणवेशातला फोटो, उड्डाणांची नोंदवही, ब्रह्मदेशाहून आलेले सेन्सॉरचा शिक्का असलेले पत्र, यांपैकी काहीही सापडेल. फोटोच्या मागे तारीख आणि गाव लिहिलेले आहे का ते बघा. नसेल, आणि सांगू शकणारे कुणी घरात अजून असेल, तर ते विचारून पेन्सिलीने लिहून ठेवा. हुद्दा फिटरचा निघाला तर अधिकच बरे. या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत सगळ्यात जास्त जागा त्यांच्यासाठी ठेवली आहे.